अंड्याचा नंबर कोण लावतं?

भाद्रपद लागला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. ग्रामसभा असो, बचत गटाची बैठक असो, नाहीतर एस.टी. स्टँडवर भेट झालेली असो, भगिनी बाजूला घेऊन सांगतात, "साहेब, कोंबड्या अंडी देईनात." आणि मागोमाग दुसरं वाक्य येतं, "दुकानदारानं ही बाटली दिलीय. पाजू का?"

बाटलीवर तांबड्या तुऱ्याची टवटवीत कोंबडी असते, टोपलीभर अंडी असतात, आणि हल्ली मोठ्या अक्षरात 'ग्रोथ फॅक्टर' हे शब्द असतात. शब्द इंग्रजी असला की औषध भारी, असा आपला एक समज आहे. परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या बाईची कमाई ती केवढी! मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, कधी गटाचा हप्ता हे सगळं त्या अंड्यांवर चालतं. त्यातून अशी एक बाटली विकत घेतली म्हणजे त्या महिन्याची निम्मी अंडी दुकानदाराच्या गल्ल्यात गेली म्हणायची.

तेव्हा ग्रोथ फॅक्टर ही काय भानगड आहे, कोंबडीच्या पोटात तिचं काम काय, आणि ती बाटलीतून आत घालता येते का, हे एकदा नीट पाहू. विषय शास्त्राचा आहे खरा, पण जिनं आयुष्यात एकदा तरी घरी कोंबडी साफ केली आहे तिला तो अवघड जाणार नाही.

पोटातला पिवळा घड

अंड्यावर असलेली कोंबडी कापली तर पोटात पाठीच्या बाजूला पिवळ्या गोळ्यांचा घड दिसतो. पोरं तो गोळा मागून खातात. तो घड म्हणजेच कोंबडीचं अंडाशय. गाई-म्हशीला दोन अंडाशयं असतात, कोंबडीचं मात्र डाव्या अंगाचं एकच कामाचं असतं. उजवं अंडाशय आणि त्याची नळी पिल्लू अंड्यात असतानाच वाढायची थांबते.

हा घड पुढच्या वेळी जरा निरखून पाहा. द्राक्षाच्या घडात जसे मणी साधारण सारख्या आकाराचे असतात तसं इथं नसतं. एक गोळा लिंबाएवढा असतो, त्याच्या खालोखाल दुसरा, मग तिसरा, असे पाच-सहा गोळे उतरत्या भांडणीने लागलेले असतात. त्यानंतर हरभऱ्याएवढे पिवळसर काही, आणि मग खसखशीसारखे पांढरे असंख्य दाणे. शास्त्रज्ञ या गोळ्याला पुटिका म्हणतात. आत बलक, वरून पेशींचे थर आणि त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं, अशी तिची रचना.

सर्वांत मोठी पुटिका उद्या फुटणार आणि तिच्यातला बलक नळीत पडणार. दुसरी परवा. तिसरी तेरवा. रेशनच्या दुकानासमोरची रांगच म्हणा ना. रोज पुढचा एक बाहेर पडतो आणि मागून एक नवा रांगेत येतो. हरभऱ्याएवढे सहा ते आठ मिलिमीटरचे जे दाणे असतात त्यांतून साधारण रोज एकच निवडला जातो. एकदा निवडला गेला की तो झपाट्याने वाढतो आणि आठ-दहा दिवसांत चार सेंटिमीटरच्या आसपास जातो. निवड न झालेले बाकीचे तिथेच थांबतात, त्यांतले बरेचसे पुढे जिरून जातात.

आता खरा प्रश्न इथे आहे. सारख्या आकाराचे दहा-बारा दाणे शेजारी शेजारी आहेत, सर्वांना रक्त तेच मिळतं, दाणापाणी तेच. मग त्यांतला आज नेमका एकच का पुढे सरकतो? रांगेत नंबर कोण लावतं?

दवंडी आणि कुजबुज

शरीरात निरोप पोचवायच्या दोन रीती आहेत. एक दवंडीची. मेंदूखालच्या ग्रंथीतून संप्रेरक म्हणजे हार्मोन रक्तात सुटतं आणि सगळ्या अंगभर फिरतं. कोंबडीच्या अंडाशयाला अशी दवंडी देणारी दोन मुख्य संप्रेरकं आहेत, एफएसएच आणि एलएच. दुसरी रीत शेजारणीच्या कानात सांगायची. एक पेशी तिच्या लगतच्या पेशीला एक बारीकसं प्रथिन देते आणि ते प्रथिन सांगतं, "वाढ," किंवा "थांब," किंवा "आता तुझं काम बदल." हे शेजारच्या शेजारी काम करणारं प्रथिन म्हणजे ग्रोथ फॅक्टर, आपल्या भाषेत वाढ घटक. काही वाढ घटक रक्तातूनही फिरतात, पण त्यांचं मोठं काम जवळच्या जवळ चालतं.

हा शोध लागला तोसुद्धा कोंबडीच्याच अंड्यातून, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इटलीतल्या तुरीन शहरात रिता लेव्ही-मोन्ताल्चिनी नावाच्या एक ज्यू डॉक्टर बाई होत्या. १९३८ साली तिथल्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि विद्यापीठाचं दार त्यांना बंद झालं. बाईंनी घरच्याच खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि अंड्यातल्या कोवळ्या पिल्लांच्या मज्जातंतूंवर काम चालू ठेवलं. शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा त्या डोंगराकडच्या खेड्यात गेल्या, पण अंडी आणि सूक्ष्मदर्शक सोडलं नाही. युद्धानंतर अमेरिकेत त्यांनी पहिला वाढ घटक दाखवून दिला. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना दुसरा सापडला, तो ईजीएफ. १९८६ साली या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या बाटलीवरच्या शब्दामागं एवढा इतिहास आहे.

थांबवणारा आणि ढकलणारा

तर कोंबडीच्या घडात हे वाढ घटक काय करतात? नाव 'वाढ' असलं तरी त्यांतल्या काहींचं मोठं काम रोखून धरण्याचं आहे, ही गोष्ट मला स्वतःला फार नवलाची वाटते.

ईजीएफ आणि त्याच्या भावकीतले घटक लहान पुटिकेच्या पेशींना सांगतात, "संख्येनं वाढत राहा, पण मोठी होऊ नका." म्हणजे पेशी वाढतात, पण त्यांच्या अंगी पुढचं काम येत नाही. प्रोजेस्टेरॉन तयार करणं हे ते पुढचं काम, आणि ते करायला लागणारी तयारीच हे घटक रोखून धरतात. एएमएच नावाचा आणखी एक घटक आहे. तो लहान पुटिकांत भरपूर असतो, आणि निवड झालेल्या पुटिकेत एकदम कमी होतो. बलकावर जो पांढुरका ठिपका असतो, ज्यातून पुढं पिल्लू होतं, त्या बीजपेशीकडूनही निरोप येत असतात. जीडीएफ-नऊ आणि बीएमपी-पंधरा अशी त्यांतल्या दोघांची नावं. नावं पाठ करायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवा की बीज स्वतः गप्प बसलेलं नसतं, आपल्या भोवतीच्या पेशींना तेही सूचना देत असतं.

मग एके दिवशी त्या घोळक्यातल्या एका पुटिकेत हा अडसर सैल होतो. तिच्या पेशी एफएसएचच्या दवंडीला ओ देऊ लागतात. तिथून ढकलणाऱ्या घटकांचा अंमल सुरू होतो. आयजीएफ-एक हा त्यांतला महत्त्वाचा. तो पेशींची वाढ करतो आणि संप्रेरकं तयार करायच्या कामाला जोर देतो. व्हीईजीएफ नावाचा घटक नव्या रक्तवाहिन्या फुटवतो. या वाहिन्या कशासाठी? बलकासाठी. कारण बलक अंडाशयात तयार होतच नाही.

ही गोष्ट प्रत्येक कोंबडीवालीनं गाठीला बांधावी. बलक तयार होतो यकृतात, म्हणजे काळजात. अंडाशयातून इस्ट्रोजेनचा निरोप यकृताला जातो, यकृत बलकाची प्रथिनं आणि चरबी तयार करून रक्तात सोडतं, आणि पुटिका ती रक्तातून ओढून घेते. एका बलकाचं वजन सोळा-अठरा ग्रॅम. एवढा माल आठ-दहा दिवसांत रक्तातून वाहून आणायचा म्हणजे वाट मोठी हवी आणि कारखाना चालू हवा. म्हणून बुरशी लागलेला मका किंवा खवट शेंगदाणा पेंड कोंबडीला घातली की अंडी घटतात. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष नेमकं यकृतावर घाव घालतं. माणसांना नको म्हणून जो काळा पडलेला दाणा आपण कोंबड्यांपुढे टाकतो तो फुकट नसतो. त्याची किंमत अंड्यांत वसूल होते.

जास्त खाऊ घातलं तर?

आयजीएफ-एक हा घटक खाण्यापिण्याशी बांधलेला आहे. कोंबडी उपाशी राहिली की तो घटतो, खाणं सुधारलं की वाढतो. म्हणजे दाणा भरपूर, आयजीएफ भरपूर, पुटिका भरपूर, अंडी भरपूर? तसं झालं असतं तर बाटलीवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं.

पण ब्रॉयलरची पिल्लं ज्या आई-कोंबड्यांपासून मिळतात त्या ब्रीडर कोंबड्यांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. पिढ्यान् पिढ्या भराभर अंग धरणाऱ्याच कोंबड्या निवडल्यामुळे या जातीची भूक जबर असते. तिला पोटभर खाऊ दिलं तर अंडाशयातली निवडीची शिस्त मोडते. रोज एका पुटिकेऐवजी दोन-दोन, तीन-तीन पुटिका रांगेत घुसतात. घड पाहिला तर भरगच्च दिसतो, पण अंडी कमी! कारण दोन पुटिका एकाच वेळी फुटल्या की जोड बलकाचं अंडं येतं, नाहीतर बलक नळीत न जाता पोटात पडतो. कधी टरफल नीट बसत नाही, आणि पोटात पडलेल्या बलकामुळे कोंबडी आजारी पडते. म्हणून जगभर ब्रीडर फार्मवर दाणा मोजून आणि राखून देतात. कोंबडी भुकेली दिसते, पण अंडी नीट देते. हे भुकेलं ठेवणं कितपत योग्य, यावर वाद आहे आणि तो असायलाही हवा. पण आपल्या मुद्द्यापुरतं सांगायचं तर अंड्याचा कारखाना वाढीच्या जोरावर जेवढा चालतो तेवढाच तो रोखून धरण्यावर चालतो. घडाला नुसता रेटा दिला तर रांग मोडते.

तलंग नुकती अंड्यावर आली की सुरुवातीला एखादं जोड बलकाचं अंडं देते, ते याचंच छोटं रूप. रांगेची घडी अजून बसलेली नसते. पंधरा दिवसांत ती आपोआप बसते, त्याला औषध लागत नाही.

आपल्या परसातल्या कोंबडीचं दुखणं बहुधा वेगळं असतं. तिला तांदळाची कणी, मका, उरलेली भाकरी यांतून पिठूळ खाणं मिळतं आणि प्रथिन कमी पडतं. अंगात चरबी साठते, कोंबडी जड दिसते, बाई म्हणते चांगली गुबगुबीत आहे. पण अंड्याला लागणारं प्रथिन कुठून यायचं? पूर्वी उकिरडा उकरून किडे, गांडुळं, वाळवी खायची. आता उकिरडा कमी झाला आणि कोंबडी खुराड्यात कोंडली गेली. अशा कोंबडीला मूठभर सोयाबीन पेंड किंवा चांगली, बुरशी नसलेली शेंगदाणा पेंड, जमल्यास अझोला आणि रोज दोन-चार तास मोकळं चरायला सोडणं याचा जो गुण येतो तो बाटलीनं येत नाही. गाव कुत्र्या-मांजरांचं असेल तर जुन्या जाळीचं कुंपण करावं.

दवंडी देणारा उजेड

वाढ घटकांची कुजबुज घडात चालते, पण तिला सुरुवात करून देणारी दवंडी मेंदूतून येते आणि मेंदू ती उजेड पाहून देतो. इथं 'पाहून' हा शब्द मी सोय म्हणून वापरला. पक्ष्यांच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपलेला उजेड त्यांना पुरतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ जाक बेनुआ यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे नसले तरी पक्ष्याच्या प्रजननावर उजेडाचा परिणाम होतो.

आपल्या महाराष्ट्रात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. आषाढानंतर दिवस आखडत जातो. कोंबडीच्या मेंदूला कळतं की आता पिल्लं काढायचा हंगाम सरला. दवंडी मंदावते, निवड थांबते, कोंबडी पिसं गाळायला लागते. भाद्रपद-आश्विनातल्या त्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. पिसं गाळणं हा रोग नाही. जुनी पिसं टाकून नवी आणायला प्रथिन लागतं, ते तिकडं वळतं, आणि अंडाशय विसावा घेतं.

ज्यांना अंडी चालू ठेवायची आहेत त्यांनी खुराड्यात पहाटे दिवा लावावा. नैसर्गिक दिवस आणि दिवा मिळून चौदा ते सोळा तास उजेड पुरे. एकदम चार तास वाढवू नका, आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत न्या. दिव्याचा उजेड किती? कोंबडीच्या उंचीवर धरून हे वर्तमानपत्र वाचता आलं म्हणजे झालं. साधा कमी वॅटचा एलईडी दिवा चालतो. संध्याकाळी लावण्यापेक्षा पहाटे लावलेला बरा. संध्याकाळी दिवा लावून तो एकदम घालवला की कोंबड्या जिथे आहेत तिथेच अंधारात अडकतात, त्यांना दांडीवर बसता येत नाही. पहाटेचा दिवा दिवसात मिसळून जातो.

दोन गोष्टी मात्र टाळा. वाढत्या वयाच्या तलंगेला लवकर उजेड देऊ नका. अंग भरण्याआधी ती अंड्यावर आली तर अंडं बारीक येतं आणि कधी आतली नळी बाहेर पडते. आणि एकदा दिवा सुरू केला की मधेच बंद करू नका. कोंबडीला उजेड कमी झालेला लगेच कळतो. भारनियमनाच्या गावात सौर दिव्यावर किंवा बॅटरीवर सोय होत असेल तरच या वाटेला जावं, असं माझं मत आहे. चार दिवस दिवा आणि चार दिवस अंधार यापेक्षा मुळीच दिवा नसलेला बरा.

एक दिवस खाडा

काही भगिनी काळजीनं विचारतात, "तीन दिवस अंडं दिलं, चौथ्या दिवशी नाही. बिघडलं का?" काही बिघडलं नाही. बलक नळीत पडल्यापासून अंडं बाहेर यायला चोवीस ते सव्वीस तास लागतात. पांढरा भाग चढायला तीन तास, पापुद्रे बसायला तासभर किंवा थोडं जास्त, आणि टरफल चढायला अठरा ते वीस तास. अंडं दिल्यावर सुमारे अर्ध्या तासानं पुढची पुटिका फुटते. म्हणजे रोज तास-दीड तास उशीर होत जातो. पुटिका फुटण्याचा इशारा देणारी एलएचची लाट रात्रीच्या ठराविक तासांतच येते. उशीर होत होत ती वेळ चुकली की त्या दिवशी खाडा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सकाळी सुरुवात. चांगल्या लेअर कोंबडीचे खाडे कमी, देशी कोंबडीचे जास्त, एवढाच फरक.

टरफल रात्री चढतं, ही गोष्टही उपयोगाची आहे. एका अंड्याच्या टरफलात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. संध्याकाळी शिंपल्यांचा जाडसर चुरा पुढे ठेवला तर तो पोटात हळूहळू विरघळत राहतो आणि रात्रभर कामी येतो. बारीक भुकटी लवकर संपते. चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला गरज आहे ती बरोबर खाते. अंड्यावर न आलेल्या पिल्लांना मात्र लेअरचं जास्त कॅल्शियमचं खाद्य घालू नका, त्यांच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही.

खुडूक

देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. बाटली सर्वांत जास्त खपते ती या वेळी.

खुडूक होणं म्हणजे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं राज्य सुरू होणं. अंड्यांचा स्पर्श छातीच्या उघड्या कातडीला होत राहतो, त्यानं प्रोलॅक्टिन वाढतं. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडाशयाची दवंडी बंद पडते आणि रांगेतल्या पुटिका जिरून जातात. लिंबाएवढे गोळे आठवड्या-दोन आठवड्यांत आक्रसतात. अशा वेळी घडात ढकलायला काही उरलेलंच नसतं. बाहेरून काय पाजणार?

जुन्या बायका खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुचकळतात, कुणी नाकात पीस घालतात. पीस घालणं सोडून द्या, तो नुसता छळ आहे. सोपा उपाय असा. कोंबडीला अंड्यांपासून दूर करा आणि जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात, भरपूर उजेड-वाऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. खाणं-पाणी पोटभर द्या. छातीला ऊब मिळाली नाही, बसायला मऊ जागा राहिली नाही की प्रोलॅक्टिन उतरतं. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून पुटिका निवडून, वाढवून अंडं यायला पंधरा दिवस ते तीन आठवडे जातात.

बाटलीचा गुण कसा येतो ते इथं उघड होतं. अंडी बंद झाली, बाईनं चार-आठ दिवस वाट पाहिली, मग बाटली आणली, दहा दिवस पाजली, आणि अंडी सुरू झाली. त्या दहा दिवसांत कोंबडीची रांग तिच्या हिशेबानं पुन्हा लागतच होती. गुण बाटलीच्या नावावर जमा झाला.

माझं सांगणं असंही नाही की प्रत्येक कोंबडीची खुडूक मोडा. पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीसारखं यंत्र नाही. वीज लागत नाही, २१ दिवस जागची हलत नाही, वर पिल्लं सांभाळते ते वेगळं. वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज अशा सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. ज्यांच्याकडे या जाती आहेत त्यांनी सोबत एक-दोन देशी कोंबड्या जरूर ठेवाव्यात. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी लेअर कोंबडी जंगली कोंबडीपासूनच आली. जंगलातली ती वर्षाला दहा-पंधरा अंडी देऊन पिल्लं सांभाळत बसते. मधलं अंतर माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून कापलं आहे, आणि त्यात मोठा वाटा खुडूक कमी करण्याचा आहे.

मग बाटलीत असतं काय?

वाढ घटक ही प्रथिनं आहेत, हे वर आलंच. तोंडावाटे दिलेलं प्रथिन कोंबडीच्या पोटात डाळीसारखं पचून जातं. तिथून ते सुटलं तरी घडातल्या नेमक्या पुटिकेच्या नेमक्या थरापर्यंत, नेमक्या दिवशी पोचणार कसं? तेव्हा बाटलीतला 'ग्रोथ फॅक्टर' आणि पुटिकेतला वाढ घटक यांचा नावापलीकडे संबंध नाही. बऱ्याच बाटल्यांत जीवनसत्त्वं, क्षार, कॅल्शियम, यकृताला बरी म्हणून काही वनस्पती असतात. खाण्यात त्यांची उणीव असेल तर थोडाफार उपयोग होतो, हे मान्य करायला हवं. पण मग ते तेवढ्याच दामाला घ्यावं आणि त्याच नावानं घ्यावं.

सावध राहायचं ते 'ग्रोथ प्रमोटर' या शब्दापाशी. शब्द जवळचे वाटतात, पण वस्तू निराळी. ग्रोथ प्रमोटर या नावाखाली वर्षानुवर्षं प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक, थोड्या मात्रेत खाद्यातून दिली गेली. त्यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तेच औषध पुढं माणसाला लागू पडत नाही. युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून खाद्यातल्या अशा वापरावर पूर्ण बंदी घातली. आपल्या केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाला अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत बंदी केली, कारण ते माणसाच्या गंभीर आजारातलं शेवटच्या फळीचं औषध आहे. बाटलीवर काय काय घातलं आहे हे लिहिलेलं नसेल तर ती घरी आणूच नये. डॉक्टरांनी आजारासाठी प्रतिजैविक दिलंच, तर किती दिवस अंडी खायची किंवा विकायची नाहीत हे त्यांना विचारून घ्यावं. आपली अंडी गावातल्या अंगणवाडीच्या आणि बाळंतिणीच्या ताटात जातात.

अंडी थांबली की आधी एवढं पाहा. कोंबडी पिसं गाळतेय का, खुडूक आहे का, लपून कुठं आडोशाला अंडी घालतेय का (हे फार वेळा निघतं), दाण्याला बुरशी आहे का, पाण्याचं भांडं दुपारी तापतं का. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, खाणं सोडते आणि टरफल पातळ होतं. तेव्हा सावली आणि गार पाणी हाच इलाज. अंडी एकदम थांबली आणि सोबत मान वाकडी, हिरवी हगवण, श्वासाची घरघर असेल तर मात्र वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, तो राणीखेत असू शकतो. तिथं माझ्यासारख्या शेतीखात्याच्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. लासोटा लसीची तारीख चुकवू नका.

कॅलेंडरवर रोजच्या अंड्यांचा आकडा लिहायची सवय ज्यांनी लावली त्यांना निम्म्या प्रश्नांची उत्तरं घरातच मिळतात. काही बदल केला, पेंड सुरू केली, दिवा लावला, तर तो पंधरा दिवसांनी आकड्यात शोधा. दुसऱ्याच दिवशी शोधू नका, कारण उद्याचं अंडं आठ-दहा दिवसांपूर्वीच निवडलं गेलं आहे.

आणि ज्यांना भाद्रपदातली टंचाई पुढच्या वर्षी नको आहे त्यांनी फाल्गुन-चैत्रात पिल्लांची सोय करावी. त्या दिवसांत पिल्लांना ऊब द्यायचा खर्च कमी येतो. पाच-सहा महिन्यांनी तलंगा अंड्यावर येतात, आणि पहिल्याच वर्षीची तलंग सहसा जुन्या कोंबड्यांबरोबर पिसं गाळत नाही. जुन्या विसावा घेत असताना टोपलीत नव्यांची अंडी असतात. सुधारित जातीची पिल्लं हवी असतील तर शासकीय अंडी उबवणी केंद्रात नोंदणी संक्रांतीनंतर लगेच करून ठेवा, ऐन वेळी गेलं की नंबर लागत नाही.